ब्लॅक पँथरचं वृत्तपत्र आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चळवळीची जुनी कागदपत्रं कुठे बघावीत? सल्ला हवा

शाईपेन
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत भावाकडे फ्रीमाँटला चाललेय, तीन आठवडे. सत्तरच्या दशकातल्या मराठी लघुनियतकालिकांवर माझं थोडं काम चालू आहे. त्यात दलित पँथरपाशी आलं की प्रत्येक लेखात तेच वाक्य भेटतं: 'अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत...' बस्स, पुढे कोणी जात नाही. ते लोक छापत काय होते, कागद कसला, चित्रं कसली, हे मला पानं उलटून बघायचंय. निघण्याआधी नांदेडात बसून फुकट काय वाचता येईल? आणि तिकडे पोचल्यावर नक्की कुठे जाऊ? कॉलेजकडून छदाम मिळणार नाही, हे आधीच सांगते.

ओकलंडकर
ताई, तुम्ही थेट त्यांच्या अंगणातच येताय. ब्लॅक पँथर पार्टी, म्हणजे कृष्णवर्णीयांचा तो लढाऊ पक्ष, ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडलाच स्थापन झाला. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील, दोघं कॉलेजातले मित्र.

फ्रीमाँटहून बार्ट (तिथली लोकल रेल्वे) पकडा, ओकलंडच्या बाराव्या रस्त्याच्या स्टेशनला उतरा. तिथून दहा-बारा मिनिटं चालत चौदाव्या रस्त्यावर 'आफ्रिकन अमेरिकन म्युझियम अँड लायब्ररी' आहे. १९०२ सालची कार्नेगी ग्रंथालयाची इमारत आहे ती. सार्वजनिक ग्रंथालयाचाच भाग, त्यामुळे पैसे नाहीत. पहिल्या दिवशी इथेच जा. लोक उगाच आधी मोठ्या विद्यापीठात धावतात आणि पेट्यांच्या यादीतच हरवतात.

दुसरा मुक्काम स्टॅनफर्ड. भाऊ गाडीने डंबार्टन पूल ओलांडून सोडेल. तिथल्या ग्रीन ग्रंथालयाच्या विशेष संग्रहात ह्यूई न्यूटन फाउंडेशनची कागदपत्रं आहेत, म्हणजे पक्षाचं स्वतःचं दप्तर. पत्रव्यवहार, हिशेब, कार्यक्रमांच्या फाइली. पण असंच उठून जाऊ नका. नाव नोंदवून, कुठली पेटी हवी ते काही दिवस आधी कळवावं लागतं. आत शाईचं पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल (तुमच्या आयडीला हरकत घेतील!). बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात एल्ड्रिज क्लीव्हर या पँथर नेत्याचे कागद आहेत, वेळ उरला तर.

जुनी_रद्दी
तीस वर्षं ग्रंथालयात काढली, म्हणून चार शब्द.

तुम्हाला हवं आहे ते वर्तमानपत्र 'द ब्लॅक पँथर'. पहिला अंक २५ एप्रिल १९६७ चा. बोलून चालून चार पानं, सायक्लोस्टाईल केलेली! आपल्याकडची अर्धी लघुनियतकालिकं ज्या यंत्रावर निघाली त्याच जातीच्या यंत्रावर. त्यात मुख्य मजकूर एकच. नॉर्थ रिचमंडमध्ये १ एप्रिलला डेन्झिल डोवेल हा २२ वर्षांचा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला, त्याला का मारलं, असा थेट सवाल मथळ्यात. पोलिसांनी सांगितलेली हकीकत आणि घरच्यांना पडलेले प्रश्न, असं सगळं टाइप करून छापलेलं. पुढे ते साप्ताहिक झालं, किंमत २५ सेंट, भराच्या काळात आठवड्याला लाखाच्या वर प्रती. १९८० पर्यंत चाललं.

'मार्क्सिस्ट्स इंटरनेट अर्काइव्ह' या साइटवर याचे अनेक अंक स्कॅन करून ठेवलेत, पूर्ण फुकट. तिथूनच सुरू करा. एक सूचना: उपशीर्षक बदलत गेलंय. आधी 'ब्लॅक कम्युनिटी न्यूज सर्व्हिस', नंतर 'इंटरकम्युनल न्यूज सर्व्हिस'. एका नावाने कॅटलॉगात सापडलं नाही तर दुसऱ्याने बघा. नाही तर 'अंक उपलब्ध नाहीत' असं लिहून मोकळ्या व्हाल. असे प्रबंध मी पाहिलेत.

चित्रांसाठी एमरी डग्लस हे नाव लक्षात ठेवा. पक्षाचा सांस्कृतिक मंत्री, आणि वर्तमानपत्राची सगळी दृश्य भाषा त्याची. पैसे नव्हते म्हणून बहुतेक वेळा काळा आणि जोडीला एकच रंग. जाड काळ्या रेषा, लाकडी ठशासारख्या, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही लांबून कळावं. कोपऱ्यात हातात झाडू घेतलेली बाई, उंदीर, गळकं घर. घोषणांपेक्षा ही पानं जास्त वेळ बघा.

टोचणी
हे सगळं ठीक. पण आपल्या दलित पँथरची पत्रकं, पोस्टरं कुठे एकत्र आहेत का? ती लोकांच्या ट्रंकेत वाळवी खातायत आणि आपण निघालो ओकलंडला.

जुनी_रद्दी
टोचणीराव, मुद्दा रास्त, पण धागा दुसरा काढा. मी तिथेही लिहीन.

भास्कर_एन
मी जरा उलट्या बाजूने सुचवतो. चळवळीने स्वतः जपलेले कागद वाचाच, पण पोलिसांनी जपलेलेही वाचा. एफबीआय, म्हणजे अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा, तिची 'व्हॉल्ट' नावाची साइट आहे. तिथे 'कॉइनटेलप्रो' या, अशा चळवळी मोडून काढायच्या गुप्त मोहिमेच्या फाइली पडून आहेत. पानोपानी काळ्या पट्ट्या मारलेल्या, नावं झाकलेली. ही मोहीम उघडकीला आली ती मार्च १९७१ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावच्या एफबीआय कचेरीत काही नागरिकांनी रात्री घुसून फाइली पळवल्या आणि वर्तमानपत्रांना पाठवल्या म्हणून. नंतर सिनेटच्या चर्च समितीने (सिनेटर फ्रँक चर्च यांच्या नावाची, देवळाशी संबंध नाही) चौकशी केली, तिचा अहवालही नेटवर आहे.

ताईंच्या कामाचा भाग असा, की त्यात वर्तमानपत्र बंद पाडायच्या युक्त्या सापडतात. विमानाने जाणाऱ्या गठ्ठ्यांचं भाडं वाढवता येईल का, याची चौकशी. एक प्रस्ताव तर अंकांवर घाण वासाचं रसायन फवारायचा! सरकारी भाषेत, शांतपणे टाइप केलेला. वर्तमानपत्राची खरी ताकद किती होती ते मला प्रतींच्या आकड्यापेक्षा या एका कागदावरून जास्त कळलं.

मृण्मयी_के
फक्त पँथरपाशी थांबू नका असं वाटतं. हा धागा बराच मागून येतो. 'फ्रीडम्स जर्नल' न्यूयॉर्कला १६ मार्च १८२७ ला निघालं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मालकीचं ते पहिलं वर्तमानपत्र, आणि त्याचे अंक विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर आहेत. मग गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं 'नॉर्थ स्टार', १८४७. आयडा वेल्सने मेम्फिसमध्ये झुंडबळींविरुद्ध लिहिलं म्हणून १८९२ साली तिच्या वर्तमानपत्राच्या कचेरीची मोडतोड झाली. 'शिकागो डिफेंडर' हे कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र दक्षिणेत पोचायचं ते रेल्वेच्या पुलमन (झोपायच्या) डब्यांतल्या पोर्टरांच्या हातून. असं बरंच आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'त जुनी वर्तमानपत्रं शब्द टाकून शोधता येतात, पैसे न भरता.

शोधताना आजचे शब्द चालत नाहीत. त्या काळी छापलेले 'निग्रो', 'कलर्ड' हेच टाकावे लागतात. भारताविषयीचं काही हवं असेल तर 'दलित' टाकून हाती काही येणार नाही, 'अनटचेबल' टाका. स्कॅनमधली अक्षरं यंत्राने चुकीची वाचलेली असतात, म्हणून एकच नाव दोन-तीन स्पेलिंगांनी शोधायचं. मी एका पैसे भरायच्या डेटाबेसची महिन्याची वर्गणी भरून बसले होते. नंतर कळलं, मला हवे होते ते अंक फुकट जागी आधीपासूनच होते. तेव्हा कार्ड काढायच्या आधी इथे विचारा.

आवाज ऐकायचे असतील तर 'फ्रीडम अर्काइव्ह्ज' बघा, जुन्या रेडिओ कार्यक्रमांच्या आणि भाषणांच्या टेप आहेत.

शाईपेन
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला अंक काल रात्रीच उघडला. टंकलेखनाच्या खोडाखोडीसकट! अजून एक विचारू? या लोकांचा आणि आपला थेट पत्रव्यवहार कुठे आहे का? 'प्रेरणा' नको, कागद हवा.

जुनी_रद्दी
आहे की. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताचे कागद आहेत. सगळे 'क्रेडो' नावाच्या त्यांच्या साइटवर फुकट. शोधाच्या चौकटीत 'आंबेडकर' टाका. १९४६ च्या जुलैमधलं बाबासाहेबांचं पत्र येईल. आपली प्रत्यक्ष ओळख नाही, पण नावाने तुम्हाला जाणतो, मी भारतातल्या अस्पृश्यांपैकी आहे, असं सांगून ते मागतात काय, तर अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केलाय त्याच्या दोन-तीन प्रती. कारण इथले अस्पृश्यही तसंच करायच्या विचारात आहेत. डुबॉइसनी ३१ जुलैला उत्तर दिलं, तेही तिथेच आहे.

आणि त्याहून मागे जायचं तर जोतीरावांची 'गुलामगिरी', १८७३. तिची अर्पणपत्रिका गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेच्या लोकांना आहे. म्हणजे 'प्रेरणा घेऊन १९७२ साली' या वाक्याला आधीची शंभर वर्षं जोडावी लागतील तुम्हाला.

ओकलंडकर
अवांतर: ओकलंडला गेलात तर सेंट ऑगस्टीन चर्चचं नाव कुणाला तरी विचारा. पँथरांनी जानेवारी १९६९ मध्ये शाळकरी पोरांना फुकट नाश्ता द्यायला तिथून सुरुवात केली. बंदुकीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. न्याहारीच्या बातम्या त्यांच्याच वर्तमानपत्रात मिळतात.

टोचणी
दुसरा धागा काढलाय. ट्रंकवाल्यांनी तिकडे या. जुनी_रद्दी, तुमची वाट बघतोय.

शाईपेन
पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग वर्गातल्या पोरांसाठी प्रिंट काढली. 'फक्त दोन-तीन प्रती' मागितल्यात, यावरच एक तास जाईल माझा. स्टॅनफर्डला दोन पेट्यांची मागणी टाकलीय, मंगळवारची वेळ मिळाली. भावाला सांगून ठेवलंय की त्या दिवशी आउटलेट मॉल नाही. टोचणी, तिकडेही येते. आमच्या गल्लीत एक ट्रंक माहितीये मला.