घोडबंदरवर इंग्रज कधी आले, १८१८ की त्याआधी?

प्रश्न (कासारवडवली): सोसायटीच्या फलकासाठी घोडबंदर गावावर दहा ओळी लिहायच्या आहेत. नेटवर सगळीकडे 'किल्ला १८१८ ला इंग्रजांकडे' असंच दिसतं. तेच लिहू का? आणि जुने कागद कुठे बघायचे?

खाडीकाठ: १८१८ लिहू नका. घोडबंदर वसईच्या खाडीच्या अलीकडे, म्हणजे साष्टी बेटावर. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी ते घेतलं १७३७ च्या मोहिमेत, चिमाजी आप्पांच्या वेळी. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, त्याबरोबर साष्टी गेली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांच्याकडेच राहिली. खाडीपलीकडची वसई मात्र त्या तहात मराठ्यांना परत मिळाली. पलीकडचं १८१८ हे साल अलीकडच्या किल्ल्याला चिकटलं असावं.

नाव अरबी घोडे उतरायचे त्यावरून पडलं, असं सांगतात. फलकावर 'सांगतात' हा शब्द ठेवा.

मोडीवाला: कागदांचं म्हणाल तर आधी ठाणे गॅझेटियर, १८८२, खंड १४. गावं इंग्रजी अक्षरक्रमाने आहेत. ऑनलाइन शोधताना 'बंदर'चं स्पेलिंग यू आणि ए दोन्ही घालून बघा, नाहीतर अर्ध्या नोंदी निसटतात. मग राज्य सरकारच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर जिल्हा ठाणे, तालुका ठाणे निवडून जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) काढा. किल्ला आज मीरा-भाईंदर महापालिकेत आहे म्हणून बरेच जण मुंबई उपनगर जिल्ह्यात शोधत बसतात. तिथे काही मिळणार नाही. जुन्या कागदांवर तालुका 'साष्टी' असतो.

मोडी पान आलं तर घाई नको. आधी आडवी रेघ, मग तिला टांगलेली अक्षरं, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नाही. गावाचं नाव आधी हुडकायचं, मग मागेपुढे सरकायचं.

नागला: संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं राहिलं. गाव कित्येक शतकं जुनं, राष्ट्रीय उद्यान विसाव्या शतकातलं. जुन्या बातम्यांत ते 'कृष्णगिरी' किंवा 'बोरिवली राष्ट्रीय उद्यान' म्हणून येतं. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने जाताना गायमुखनंतर डावीकडे उद्यानाचा डोंगर आणि उजवीकडे, खाडीच्या पलीकडे, नागला ब्लॉक. तोही उद्यानाचाच, खाडीने तुटलेला. रात्री बिबटे हाच रस्ता ओलांडतात. फलकाच्या नकाशात हिरवा रंग खाडीच्या दोन्ही बाजूंना भरा, एकाच बाजूला भरलेले नकाशे फार झालेत.

खाडीकाठ: आणि नकाशात खाडीवरचा 'वर्सोवा पूल' लिहिलात तर शेजारी 'घोडबंदर' पण टाका. नाहीतर लोक अंधेरीच्या वर्सोव्याला शोधत बसतील.