पहिल्याच झटक्याला ‘एमएस’ म्हणून मोकळं व्हावं का?

मेघना_सातारा:
माझ्या धाकट्या बहिणीला उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं. डोळा फिरवला की आत कळ यायची. एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे ठिपके दिसले, लगेच ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ (एमएस, प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते तो आजार) लिहून त्यावरची इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू. त्याआधी कितीतरी दिवस तिची उचकी थांबत नव्हती, पाणीसुद्धा उलटून पडायचं. ते ॲसिडिटीच्या गोळ्यांवर गेलं. पुढचा झटका मज्जारज्जूत आला, पाय लुळे पडले, तेव्हा कुठे अ‍ॅक्वापोरिन-४ ची अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी झाली आणि आजार एनएमओ निघाला, एमएससारखा दिसणारा पण वेगळा. ती न थांबणारी उचकी-ओकारी त्याचीच खूण होती. ही अँटिबॉडी २००४ पासून माहीत आहे. इंटरफेरॉनने एनएमओ बळावू शकतो. म्हणून माझं म्हणणं : नाव लिहिण्याआधी अ‍ॅक्वापोरिन आणि मॉग (एमएससारख्याच दिसणाऱ्या आणखी एका आजाराची अँटिबॉडी), दोन्ही तपासण्या प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या व्हायलाच हव्यात.

न्यूरो_नागपूर:
अ‍ॅक्वापोरिनचं पटतं. मॉग सरसकट करायला माझा ठाम विरोध आहे. चित्र एमएसचं असताना मॉग किंचित पॉझिटिव्ह आली, की चांगला चाललेला उपचार बंद होतो. मॉगच्या आजाराचे २०२३ चे निकषही सांगतात, की अँटिबॉडीचं प्रमाण कमी असेल तर नुसत्या रक्तावर निदान करू नका, लक्षणं आणि एमआरआय जुळले पाहिजेत.

पंचगंगा:
माझं दुसरं टोक. हातापायांना मुंग्या, मग डोळा, तरी ‘थांबून बघू, आणखी एक झटका आला तर ठरवू’. तो आला आणि चाल कायमची बिघडली. पाठीतलं पाणी आधीच तपासलं असतं तर? एमएस ठरवण्याच्या २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांनुसार त्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (दाहाची खूण असलेली प्रथिनं) सापडले, तर योग्य रुग्णात दुसऱ्या झटक्याची वाट पाहावी लागत नाही. सावधगिरीच्या नावाखाली एमएसवाल्यांना ताटकळत ठेवू नका.

जुना_वाचक:
पण ठिपके म्हणजे एमएस नव्हे. मायग्रेनमध्ये दिसतात, बीपी-शुगरवाल्यांत दिसतात. आपल्याकडे बी-१२ ची कमतरता आणि मेंदूचा टीबी आधी बघायला हवा. नुसता रिपोर्ट वाचून आयुष्यभराचं औषध लिहू नये. आणि तापात जुनी लक्षणं डोकं वर काढतात, तो प्रत्येक वेळी नवा झटका नसतो.

मेघना_सातारा:
पंचगंगा, तुमचा त्रास मी नाकारत नाही. पण उचकी-ओकारीबद्दल विचारायला पैसे लागत नाहीत, वेळही जात नाही. बहिणीला ते कुणीच विचारलं नाही.

न्यूरो_नागपूर:
हे मान्य. न थांबणारी उचकी, दोन्ही डोळे एकदम जाणं, मज्जारज्जूत तीन किंवा जास्त मणक्यांएवढी लांब सूज, यांतलं काही असेल तर अ‍ॅक्वापोरिन मागवाच. रक्त प्लाझ्मा एक्स्चेंजच्या (रक्तातला द्रव भाग बदलून अँटिबॉडी काढून टाकण्याच्या उपचाराच्या) आधी घ्या, आणि रिपोर्टसाठी स्टिरॉइड अडवून ठेवू नका. मॉगवर मात्र मत बदलणार नाही.

मेघना_सातारा:
आणि मी अ‍ॅक्वापोरिन सरसकटच मागणार. बहिणीचा फक्त एकच डोळा गेला होता, तुमच्या यादीतली उचकी केसपेपरवर आलीच नव्हती.