मदत हवी आहे: न्यूयॉर्कच्या झोनिंग नकाशावरचे कोड

नगररचनेच्या अभ्यासासाठी न्यूयॉर्कचे झोनिंग नकाशे, म्हणजे शहराच्या कुठल्या भागात काय बांधता येतं ते दाखवणारे नकाशे, वाचतोय आणि एका जागी पुरता अडकलोय.

मूळ अक्षरं कळली: आर म्हणजे निवासी, सी व्यापारी, एम औद्योगिक. आर१ पासून पुढे आकडा चढतो तशी साधारणपणे दाटीही वाढते. शेवटी ए, बी, एक्स लागलं, की आजूबाजूच्या इमारतींशी उंची-ठेवण जुळवायचे नियम येतात. १९१६ च्या पहिल्या नियमावलीत इमारतीचा आकार आणि वरचे मजले मागे घ्यायचे टप्पे यांवर भर होता; एफएआर, म्हणजे आपला एफएसआय (एकूण बांधकाम भागिले प्लॉटचं क्षेत्रफळ), मुख्य झाला तो १९६१ पासून. इथपर्यंत ठीक.

गोंधळ पुढे आहे. माझ्या सरावाच्या प्लॉटवर आर६बी लिहिलंय, पण मोठ्या रस्त्याकडच्या पट्ट्यावर तिरप्या रेषा आहेत आणि तिथे सी१-३. हा ओव्हरले, म्हणजे घरांच्या भागात खाली दुकानांना दिलेली मुभा, एवढं समजलं. पण पट्टा प्लॉटच्या मध्येच संपतो! मागच्या बाजूला जेमतेम वीस फूट उरतात.

मग दुकान त्या वीस फुटांत नेता येतं का? सीमारेषेने तुटलेल्या प्लॉटसाठी पंचवीस फुटांची सवलत असते, म्हणजे सीमेपलीकडे तेवढ्या अंतरापर्यंत अलीकडच्या भागाचे नियम लावता येतात, असं वाचलंय. ती ओव्हरलेच्या सीमेलाही लागते, की फक्त दोन मूळ झोनमधल्या? आणि दुकानाचा एफएआर घरांच्या एफएआरमध्येच मोजायचा ना?

कुणी हे काम प्रत्यक्ष केलं असेल तर एखादं उदाहरण आकड्यांसकट सोडवून दाखवा, प्लीज. नुसत्या व्याख्या वाचून डोकं चालेनासं झालंय.