मदत हवी आहे: एका तारेचा स्टीलचा कपड्यांचा चिमटा बनवतोय, पकड टिकत नाही

पांझराकाठ

नमस्कार मंडळी, धुळ्यात आमचं ग्रिल, गेट, जाळीचं छोटं वर्कशॉप आहे, कापणं, वाकवणं, वेल्डिंग रोजचंच, पण स्प्रिंगच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. गच्चीवर प्लास्टिकचे चिमटे आणतो ते होळीपर्यंत बरे चालतात, एप्रिल-मे लागला की दाबल्या दाबल्या कटकन मोडतात, आणि आतली बारकी स्प्रिंग गंजून पांढऱ्या बनियनवर लाल डाग पडतो तो वेगळाच. वाऱ्याचं तर काय सांगू, साक्रीकडे ब्राह्मणवेलला उगाच पवनचक्क्या उभ्या केलेल्या नाहीत, आमच्याकडेही दुपारी असा सुटतो की चादर शोधायला चार घरं फिरावं लागतं.

तर डोक्यात असं आहे की एकाच तारेतून अख्खा चिमटा करायचा, रिव्हेट नको, जोड नको, प्लास्टिक नको. तार पुढे जाऊन जबड्याचा लूप करते, मागे येऊन दाबायची दांडी होते, मधे स्प्रिंगचे दोन वेढे आणि मग तसंच दुसऱ्या बाजूला. हार्डवेअरच्या दुकानातून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची १६ गेज म्हणजे १.६ मिमीची बांधायची तार आणली, व्हाइसमधे ८ मिमीचा रॉड धरून त्यावर गुंडाळली. दिसायला एक नंबर झालाय. पण दोन-चार वेळा दाबला की जबडे उघडेच राहतात, रुमालसुद्धा धरत नाही. दुसरं म्हणजे जबडे समोरासमोर न बसता एकमेकांच्या बाजूने सटकतात. आणि तिसरं, ज्याचं मला खरंच नवल वाटलं, ३०४ असून त्यावर गंजाचे बारीक ठिपके आले, दुकानदाराने फसवलं की काय कळेना, चुंबकही किंचित चिकटतं.

मुख्य अडचण मात्र वेगळीच आहे. माझ्या आईची बोटं संधिवाताने आखडलेली आहेत, कडक स्प्रिंग तिला दाबत नाही आणि ढिली स्प्रिंग वाऱ्यात टिकत नाही. दाबायला हलका आणि धरायला घट्ट, असं दोन्ही एकाच चिमट्यात होतं का? गावचा लोहार म्हणतो लाल करून पाण्यात बुडव, कडक होईल. करून बघू का? जाणकारांनी कृपया सांगावं, विकायचं वगैरे नंतर बघू.

भुसावळ_लोको

चिमट्यावर धागा, मस्त शे भो. पहिलं म्हणजे ती तार लाल करू नको. लोहारकाकांचं चुकीचं नाही, ते ज्या स्टीलवर काम करतात, विळा, कुऱ्हाड, त्यात कार्बन असतो म्हणून ते पाण्यात बुडवल्यावर कडक होतं. ३०४ चं उलटं आहे, लाल केलं की अजून नरम पडेल. हे स्टील फक्त थंड ओढून कडक होतं, म्हणजे तार कारखान्यातूनच कडक यायला हवी, नंतर आपल्या हातात काही नाही.

निवृत्त_टूलरूम

वरचं बरोबर आहे. तुमची तार बांधायची आहे म्हणजे मुद्दाम नरम केलेली, तिला वाकवलं की वाकूनच राहावं हाच तिचा गुण. अशी तार तुटायलाच साधारण ५०० ते ७०० मेगापास्कल (ताणाचं माप) लागतात आणि कायमची वाकायला त्याच्या निम्म्याहून कमी. स्प्रिंगसाठी ओढलेली १.६ ची स्टेनलेस तार १६०० च्या पुढे असते. दुकानात '३०४ द्या' म्हणून भागणार नाही, 'स्प्रिंग टेम्पर' म्हणा, ग्रेड ३०२ किंवा ३०४, आपलं भारतीय मानक आयएस ४४५४ चा भाग ४ स्टेनलेस स्प्रिंग तारेचाच आहे. ओळखायची सोपी रीत: हातभर तुकडा अर्धगोल वाकवून सोडा, सटकन सरळ झाला तर आपल्या कामाचा.

चुंबकाचं टेन्शन घेऊ नका. भांड्यांच्या दुकानात लोक चुंबक लावून असली-नकली ठरवतात, पण ३०४ थंड ओढलं किंवा वाकवलं की थोडं चुंबकाला लागतंच. स्प्रिंगची तार तर अजून जास्त लागेल.

आता आईंचा प्रश्न, त्यातच खरी गंमत आहे. लोकांना वाटतं घट्ट पकड म्हणजे जाड तार. जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, १.६ ऐवजी २ मिमी घेतली की स्प्रिंग जवळजवळ अडीचपट कडक, मग आई कशी दाबणार. तार तीच ठेवा आणि वेढे वाढवा. हिशोब करून देतो, दांडी आणि जबडा दोन्ही ३५ मिमी, वेढ्याचा मधला व्यास १० मिमी, चिमटा १२ मिमी उघडायचा म्हणजे साधारण २० अंश. दोन वेढ्यांची स्प्रिंग अंशाला १७ न्यूटन-मिमी (पिळायच्या जोराचं माप) मागते, चार वेढ्यांची साडेआठ. कडक १.६ च्या तारेला एकूण ४७५ न्यूटन-मिमीच्या वर नेऊ नये असं मी धरतो, म्हणजे पूर्ण उघडल्यावर बोटाला दोन्हीत सारखाच दीड किलोच्या आतबाहेर जोर. पण दोन वेढ्यांत त्यातले ३४० नुसते उघडण्यात खर्च होतात, बंद असताना पकडीला उरतात १३५, जबड्यावर जेमतेम ४०० ग्रॅम. चार वेढ्यांत उघडायला १७० लागतात, पकडीला ३०५ उरतात, जवळजवळ ९०० ग्रॅम. बोटाचा जोर तोच आणि पकड दुपटीहून जास्त. दांड्या थोड्या वाकतात म्हणून प्रत्यक्षात आकडे जरा कमी भरतील, पण प्रमाण हेच. आणि फक्त दांडी ३५ ची ४५ केली तर बोटाचा जोर ११०० ग्रॅमच्या आसपास येतो, जबडा लांबवू नका.

यासाठी स्प्रिंगला आधीच ताण हवा. मोकळी असताना जबडे एकमेकांना ओलांडून ३५ अंश पलीकडे गेलेले असले पाहिजेत, मग हाताने ओढून समोरासमोर आणून बसवायचे. तुम्ही बहुतेक जबडे नुसते टेकतील असे वाकवलेत, त्यामुळे ताण शून्यच राहिला. गुंडाळायची दिशा पण बघा, दाबल्यावर वेढा आवळला गेला पाहिजे, उलगडला नाही.

पांझराकाठ

काका, हे म्हणजे डोळेच उघडले. मी २.५ मिमीची तार आणायच्या बेतात होतो! पण ३५ अंश ओलांडून ठेवायचं म्हणजे गुंडाळताना किती धरू? सोडल्यावर तार मागे येते ना.

निवृत्त_टूलरूम

येणारच, कडक तार जास्त येते. त्याचा आकडा पुस्तकातून नाही मिळत, रिळागणिक बदलतो. जिगवर, म्हणजे तार वाकवायच्या साच्यावर, थांबायची खुंटी पक्की वेल्ड करू नका, एका पट्टीला अर्धगोल खाच पाडून बोल्टने आवळा म्हणजे सरकवता येते. रॉड पण लहान घ्या, सुटल्यावर वेढा फुगतो, ८ ऐवजी ७ पासून सुरू करा. गरम करून ताण काढायचा असेल तर स्टेनलेसला ३५० अंशाच्या आसपास अर्धा तास लागतो, घरचा ओव्हन २५० वर संपतो, त्यामुळे तो नाद सोडा. चिमट्याला त्याच्याशिवाय चालेल, थोडा सैल होईल तेवढा ताण आधीच जास्त द्या.

शिरपूरची_सून

तुमचं गणित छान आहे पण कपडे वाळत घालणारीचं पण ऐका जरा. गोधडी, चादर, साडी हे आम्ही दोरीवर अर्धं-अर्धं टाकतो, वजन दोरी घेते, चिमटा फक्त वाऱ्याने सरकू नये म्हणून. एका कडेला धरून लटकवायचं ते फक्त बनियन, मोजे, लहान मुलांचे कपडे. त्यामुळे ९०० ग्रॅम पुरे झाली, कपडा ओला असला की तसाही घट्ट बसतो. खरा त्रास टोकांचा होतो. स्टीलच्या चिमट्यात तारेचं कापलेलं टोक उघडं असलं की टॉवेलचे धागे ओढले जातात, साडीच्या काठाची तर वाट लागते, ती टोकं आत वळवून घासून घ्या. आणि जबड्याच्या मागे दोरीला बसायला गोल जागा ठेवा, आमच्याकडे नायलॉनची दोरी आहे, त्यावर चादरीची दुहेरी घडी आली की जाडी किती होते ते मोजून बघा. ती जागा नसली की चिमट्याचं तोंड दोरीवरच उघडं राहतं आणि मग म्हणता स्प्रिंग ढिली. हो, आणि मेमधे दुपारी काढायला गेलात तर चटका बसेल, पण बारीक तार आहे, सावलीत आणली की लगेच निवते.

तापीचा_गाळ

प्लास्टिकबद्दल थोडं सांगतो, मी जळगावला चटईच्या धंद्यात आहे. तुमचे चिमटे उन्हाच्या गरमीने नाही मोडत, उन्हातल्या अतिनील किरणांनी मोडतात. पॉलिप्रोपिलीन म्हणजे चिमट्याचं प्लास्टिक, त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हापासून वाचवणारा मसाला, टाकला नाही की ते ठिसूळ होतं, स्वस्त मालात तोच वाचवतात. काळा रंग कार्बन ब्लॅकचा असेल तर जास्त टिकतो. म्हणजे प्लास्टिक सगळंच वाईट असं नाही भाऊ, पण तुमचा प्रयोग चालू द्या.

गंजाचं मला वाटतं तुमच्या वर्कशॉपमधूनच येतंय. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात त्या साध्या लोखंडाच्या, त्या स्टेनलेसवर चिकटल्या की त्याच गंजतात आणि वाटतं स्टीलच गंजलं. व्हाइसचे जबडे, पक्कड, रॉड सगळं लोखंडी, त्याचेही कण लागतात.

पांझराकाठ

अरे हो, मी बसतोच ग्राइंडरच्या शेजारी! म्हणजे दुकानदाराला उगाच चार शब्द सुनावले. मग आता तयार झालेल्या चिमट्यांचं काय करू?

तापीचा_गाळ

साबणाने धुवून सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवा, किराण्यात लिंबाचं फूल म्हणून मिळतं तेच, मग स्वच्छ पाण्याने धुवा आणि पुसा. बोअरचं खारं पाणी असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा. पुढचे चिमटे वेगळ्या कोपऱ्यात बनवा, जिगच्या खुंट्या स्टेनलेसच्या करा.

सायकलवाला_अमळनेर

स्प्रिंगची तार एक-दोन किलो कोणी देत नाही, रीळच घ्यायला लावतात, तेव्हा ट्रायलला जुने सायकलचे स्पोक वापरा. १४ गेज म्हणजे २ मिमी, फूटभर लांब, पूर्ण स्प्रिंग नाही पण तुमच्या बांधायच्या तारेपेक्षा खूप कडक. आटे असलेलं टोक आणि वळलेलं डोकं कापून टाका. आकार आणि जिग त्यावर बसवून घ्या, पकड मात्र त्यावरून ठरवू नका, जाडी वेगळी आहे.

दुसरं, स्प्रिंगच कशाला पाहिजे? पूर्वी लाकडाचे चिरलेले चिमटे असायचे, वरून दोरीवर खोचायचे, दाबायचं कामच नाही. तारेचा तसाच उलटा यू करा, खालची तोंडं जरा बाहेर वळवा. आजींना दाबायचा त्रास नाही.

पांझराकाठ

भाऊ, तसा एक करून दिला आईला. ती म्हणे खोचायला सोपा आहे पण काढताना हात वर करून ओढावा लागतो, खांदा दुखतो, त्यापेक्षा दाबायचाच बरा. मग लांब दांडीवरच जातो. जबडे बाजूला सटकतात त्याचं कोणी सांगा की.

निवृत्त_टूलरूम

एक जबडा रुंद करा, १४ मिमी धरा, दुसरा ९-१० चा. अरुंद लूप रुंदच्या मधोमध बसेल आणि कपडा मधे किंचित दुमडला जाईल, त्यानेही पकड वाढते. फक्त अरुंद लूप रुंदच्या पार आत घुसू देऊ नका, नाहीतर शर्टवर खळी पडते, त्यासाठी रुंद लूपचं टोक थोडं वर वाकवून आडवं ठेवा म्हणजे अरुंद त्यावर टेकेल. चारही वेढे एकमेकांना चिकटून ठेवा, मधे फट राहिली की दांड्या डुलतात आणि तुम्ही म्हणता तसं सटकतात.

भुसावळ_लोको

विकायचं मनात असेल तर एक सांगून ठेवतो. स्प्रिंगच्या चिमट्याचं पेटंट अमेरिकेत १८५३ मधे निघालं, डेव्हिड स्मिथ नावाच्या माणसाचं, वेढा घेतलेल्या तारेच्या स्प्रिंगची सुधारणा १८८७ ची, ते कधीच मोकळं झालं. पण बाजारातला एखादा स्टीलचा चिमटा जसाच्या तसा उतरवू नका, आपल्याकडच्या २००० च्या डिझाइन कायद्यात आकाराची नोंदणी असते, १० वर्षं आणि वर ५ वाढवून मिळतात.

पांझराकाठ

सध्या विकायचं नाही हो, आधी घरची गच्ची. तरी हिशोब मांडला, १.६ ची तार मीटरला साधारण १६ ग्रॅम, एका चिमट्याला चार वेढे आणि ४५ ची दांडी धरून ४० सेंमी तार लागतेय, म्हणजे किलोत दीडशेच्या आसपास. स्पोकवर जिग बसवली, रुंद-अरुंद जबडा केला, सटकणं बंद झालंय. आता अडलंय ते फक्त तारेवर. जळगाव एमआयडीसी किंवा नाशिकला सातपूर-अंबडकडे स्प्रिंग बनवणारे कोणी ओळखीचे असतील तर रिळाचं शेवटचं भेंडोळं देतील का विचारून बघा ना, दोन किलो पुरे, १.६ नसेल तर १.५ पण चालेल. काका, १.५ ला वेढे तीन करू का?

निवृत्त_टूलरूम

तीन करा. कडकपणा तेवढाच राहील, पण बारीक तार ३९० च्या वर नेऊ नका, म्हणजे पकड ६०० ग्रॅमच्या आसपास मिळेल. शिरपूरच्या ताईंच्या चादरीला तेवढी चालतेय का ते त्यांनाच विचारा.

शिरपूरची_सून

मोज्यांना चालेल. चादरीला दोन लावू.