टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर डिझेल पंपाचे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ): कानाने लावावे की डायल गेजने?

प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १४०५ सीसी डिझेल इंजिनाची जुनी टाटा इंडिका आहे आणि तिच्यावर मायको बनावटीचा रोटरी डिझेल पंप आहे. पंपाच्या शाफ्टचे सील गळू लागल्यामुळे तो उतरवून दुरुस्त करून घेतला आणि त्याच वेळी टायमिंग बेल्टही नवा टाकला. त्यानंतर सकाळी गाडी चालू व्हायला फार वेळ घेते, गरम होईपर्यंत डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो आणि चढावर पिकअप कमी जाणवतो. इंजिन चालू ठेवून पंप थोडा फिरवला आणि आवाज ऐकून कसला की काम होते, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. हे योग्य आहे का?

पहिले उत्तर

आपण सांगितलेली लक्षणे डिझेल उशिरा फवारले जात असल्याची आहेत. पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो म्हणजे तो न जळलेल्या डिझेलचा असावा. कूलंटच्या वाफेला गोडसर वास येतो. मात्र आवाजावर पंप लावणे मला मान्य नाही. टायमिंग लवकर केले की ठोका टणक होतो आणि पिकअप वाढल्यासारखा वाटतो, त्यामुळे कान माणसाला नेहमी त्याच बाजूला ओढतो. त्याची किंमत पुढे हेड गॅस्केट आणि पिस्टन मोजतात.

मोजून लावण्याची पद्धत अशी आहे. बॅटरीची ऋण वायर काढा आणि हीटर प्लग (थंड इंजिन चालू होण्यासाठी आतून तापवणारे प्लग) काढून ठेवा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. पंपाच्या मागच्या डोक्यावर, चार नोझल पाइपांच्या मधोमध, एक बोल्ट असतो. तो काढून तिथे ॲडॉप्टरसह डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) बसवा आणि काटा दोन-अडीच मिलिमीटर दाबलेला राहील असे पाहा. पंपावर कोल्ड स्टार्टची केबल असेल तर ती पूर्ण सैल करा, नाहीतर मिळणारा आकडा खोटा असेल. आता क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेनेच फिरवा. पहिल्या सिलिंडरचा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची स्थिती) येण्याआधी काटा उतरून स्थिर होतो, म्हणजे प्लंजर (पंपात डिझेल दाबणारा दांडा) तळाला आलेला असतो. तिथे गेज शून्यावर आणा आणि पुढे फिरवत नेमके टीडीसीच्या खुणेवर थांबा. जो आकडा दिसेल ती प्लंजरची उचल होय. अशा पंपांत ती बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास असते, पण अचूक आकडा आपल्याच इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्यावा, दुसऱ्या गाडीचा वापरू नये.

उचल कमी भरली तर टायमिंग उशिराचे आहे. अशा वेळी नोझल पाइपांचे पंपाकडचे नट आणि पंपाचे फ्लँज नट (पंप जागेवर धरणारे) सैल करून पंपाचे अंग शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेने किंचित वळवावे. मोजताना इंजिन टीडीसीची खूण ओलांडून पुढे गेले तर तेवढेच मागे येऊ नका. पुढच्या दिशेने पुन्हा फेरी पूर्ण करून खुणेवर या, नाहीतर बेल्टमधील ढिलाई मोजमापात शिरते. नट कसल्यावर पुन्हा एकदा मोजणे अत्यावश्यक आहे, कारण कसताना पंप हमखास थोडा सरकतो.

दुसरे उत्तर

वरील पद्धतीशी मी सहमत आहे, परंतु पंपाला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. इंडिकाचे इंजिन प्रीचेंबरचे (डिझेल आधी एका छोट्या कक्षात पेटते असे) असल्यामुळे हीटर प्लग निकामी झाले तरी सकाळी हीच लक्षणे दिसतात. शिवाय पंप उतरवला होता, म्हणजे डिझेलच्या जोडण्या उघडल्या गेल्या होत्या. पंपाकडे येणाऱ्या होजमध्ये थोडा पारदर्शक तुकडा बसवून बुडबुडे दिसतात का ते पाहा. लाइन हवा घेत असेल तर टायमिंग कितीही अचूक लावले तरी उपयोग होणार नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. हीटर प्लग चारही चालू आहेत आणि बुडबुडे दिसले नाहीत. पंपाच्या फ्लँजवरची रेघ ब्रॅकेटवरच्या रेघेशी तंतोतंत जुळते आहे. तरीही टायमिंग चुकलेले असू शकते का?

पहिले उत्तर देणारे

होय. ती रेघ केवळ पंपाचे अंग कुठे बसले आहे एवढेच सांगते. आतला शाफ्ट बेल्टवर कुठे आहे हे ती सांगत नाही. बेल्ट एक दात चुकून बसला असेल तर रेघा जुळूनही टायमिंग बरेच हुकते. पंपाच्या पुलीला चाळीस दात आहेत असे धरले तर एक दात म्हणजे पंपाचे ९ अंश होतात, आणि पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे क्रँकवर ते १८ अंश भरतात. एवढा फरक फ्लँजच्या लांबट भोकांत पंप वळवून भरून काढणे अवघड असते. म्हणून योग्य उचल मिळेपर्यंत पंप भोकाच्या टोकाला टेकत असेल तर तिथेच थांबा, बेल्टचे कव्हर उघडा आणि क्रँक, कॅमशाफ्ट व पंप या तिन्हींच्या खुणा एकाच वेळी जुळतात का ते पाहा. कॅमशाफ्टची खूण चुकलेली आढळली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका असल्याने तोवर स्टार्टर मारू नका.

तिसरे उत्तर

एक भर घालतो. गेजवर उचल बरोबर आली, सकाळची तक्रार संपली, तरी चढावर गाडी मंदच राहिली, तर पंपातील ॲडव्हान्स पिस्टनकडे लक्ष द्यावे. वेग वाढेल तसे पंपातील डिझेलचा दाब वाढतो आणि तो दाब या पिस्टनला ढकलून टायमिंग पुढे आणतो. सील बदलताना तो पिस्टन अडकला असेल किंवा दाब कमी लावला गेला असेल, तर स्थिर इंजिनावर घेतलेल्या मोजमापात हा दोष दिसत नाही. त्यासाठी पंप टेस्ट बेंचवरच लावावा लागतो. तेव्हा ज्यांनी पंप दुरुस्त केला त्यांच्याकडून निरनिराळ्या वेगांवरचे दाबाचे आकडे लिहून मागा.