कझाक राष्ट्र कुणी उभं केलं: नझरबायेव की अलाश?

इतिहासवेडा: 2022 च्या सप्टेंबरात कझाकस्तानच्या राजधानीचं 'नूर-सुलतान' हे नाव जाऊन पुन्हा 'अस्ताना' झालं. 2019 मध्ये राष्ट्राध्यक्ष नुरसुलतान नझरबायेव पायउतार झाले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ ते ठेवलं होतं. 'एल्बासी' म्हणजे राष्ट्रनेता हा किताब तर त्यांना कायद्यानेच होता. माझ्या मते हा मान अलाशवाल्यांचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कझाक स्वायत्ततेसाठी झटलेल्या चळवळीचा आहे. अलिखान बुकेइखानोव, अहमेत बैतुर्सिनोव, मिर्झाकिप दुलातोव. या मंडळींनी 1913 पासून 'कझाक' नावाचं वर्तमानपत्र चालवलं. बैतुर्सिनोव यांनी अरबी लिपी कझाक उच्चारांना बेतून घेतली. डिसेंबर 1917 मध्ये ओरेनबुर्गला स्वायत्ततेची घोषणा झाली. पुढे दुलातोव सोव्हिएत छावणीत मरण पावले, उरलेल्या दोघांना 1937 मध्ये गोळ्या घातल्या.

भटक्या: अलाशबद्दल आदर आहेच, पण त्यांचं राज्य 1920 पर्यंतसुद्धा धड टिकलं नाही. 1991 साली नझरबायेव यांच्या हाती काय आलं ते बघा. स्वतःच्याच देशात कझाक जेमतेम 40 टक्के, उत्तरेकडे रशियन वस्ती दाट, जमिनीवर 1400 च्या आसपास सोव्हिएत अण्वस्त्रं. जवळच्याच ताजिकिस्तानात यादवी पेटली. इथे ठिणगी पडली नाही. 1995 पर्यंत अण्वस्त्रं गेली, 1997 मध्ये राजधानी अल्माटीहून उत्तरेला हलवली. हे आपोआप घडलं म्हणता?

इतिहासवेडा: कझाक 40 टक्क्यांवर का आले, ते सांगायचं राहिलं. 1930 ते 33 च्या दुष्काळात, तिथला सोव्हिएत पक्षप्रमुख गोलोश्चोकिनच्या कारभारात, भटक्या पशुपालकांची जनावरं हिसकावली आणि एक तृतीयांशाहून जास्त कझाक मेले. आणि सेमिपलातिन्स्कची अणुचाचणी भूमी बंद झाली ती आधी लोक उठले म्हणून. कवी ओल्झास सुलेमेनोव यांनी 1989 मध्ये चळवळ उभारली, 1991 च्या ऑगस्टमध्ये नझरबायेव यांनी हुकमावर सही केली.

समीरा_डॉ: जानेवारी 2022 मध्ये मी अल्माटीत मेडिकलला होते. पश्चिमेकडच्या जानाओझेन शहरात गाडीच्या गॅसच्या दरावरून सुरू झालेलं आंदोलन आमच्या रस्त्यापर्यंत आलं, नेट बंद, रात्रभर गोळीबार. 238 माणसं गेली. लोक नझरबायेव यांना उद्देशून 'शाल, केत!' ओरडत होते, म्हणजे 'म्हाताऱ्या, जा!'. ज्यांच्याकडे मी राहायचे त्या आपा (तिथे वयस्क बाईंना असंच म्हणतात) दुष्काळाविषयी कधी मोठ्याने बोलल्या नाहीत. आजोबांची भावंडं वाटेत सोडावी लागली, एवढंच एकदा म्हणाल्या. तीस वर्षं सत्तेत राहिलेल्या माणसाने या दुःखाला मोकळं बोलू द्यायला हवं होतं.

भटक्या: गोळीबाराचं समर्थन मी करणार नाही, 2015 च्या निवडणुकीत त्यांना पडलेल्या 97 टक्के मतांचंही नाही. पण दुष्काळाचं स्मारक अस्तानात 2012 साली त्यांनीच उघडलं. त्याचं राजकारण करू नका म्हणाले, कारण हजारो किलोमीटर सीमा रशियाशी आहे. 2014 मध्ये पुतिन म्हणाले की कझाकांचं स्वतःचं राज्य कधी नव्हतंच. नझरबायेव यांनी भांडण न काढता पुढच्याच वर्षी केरेइ आणि जानिबेक यांच्या कझाक खानतीची (खानांच्या राज्याची) 550 वर्षं थाटात साजरी केली. याला मुत्सद्देगिरी म्हणतात.

इतिहासवेडा: ते उत्तर चोख होतं, मान्य. पण 1986 च्या डिसेंबरात कझाक पक्षप्रमुख कुनायेव यांना हटवून मॉस्कोने कोल्बिन हा बाहेरचा माणूस लादला, तेव्हा अल्माटीच्या चौकात थंडीत पोरं उभी होती. त्यांच्यातला कैरात रिस्कुलबेकोव हा विद्यार्थी पुढे तुरुंगातच मरण पावला. नझरबायेव तेव्हा पंतप्रधान होते, सरकारच्या बाजूला. 'एल्बासी' म्हणताना मला ती पोरं आठवतात.