मदत हवी आहे: बोर्डावर रिजेक्शन कमी, कस्टमरकडून बोंब जास्त. मालकाला कसं पटवू?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी चाकणला एका मशीन शॉपमधे शिफ्ट इनचार्ज आहे. कंपनीचं नाव नको. सीएनसी टर्निंग, व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं), थोडं ग्राइंडिंग, तीन शिफ्ट मिळून साठ-पासष्ट माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कॉन्ट्रॅक्टची. फोर्जिंग (ठोकून घडवलेले कच्चे नग) बाहेरून येतात, आम्ही मशीनिंग करून पुढे पाठवतो. अकरा वर्षं झाली इथे, ऑपरेटर म्हणून लागलो होतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नवीन प्लांट हेड आले. माणूस हुशार आहे हे आधीच सांगतो, आल्या आल्या दोन पार्टचा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, कमी करून दाखवला, जे आम्हाला तीन वर्षात जमलं नव्हतं. पण चूक झाली की पहिला प्रश्न 'कोणी केलं?' आणि बऱ्याचदा तोच शेवटचा. टाइम ऑफिसशेजारी मोठा व्हाइट बोर्ड लावला, ज्याच्या हातून जॉब (म्हणजे मशीनवरचा नग) रिजेक्ट झाला त्याचं नाव लाल मार्करने आणि पुढे किती नग ते. महिन्यात तीनदा नाव लागलं की अटेंडन्स बोनस कट. अटेंडन्सचा आणि रिजेक्शनचा काय संबंध ते मला विचारू नका, मी विचारलं होतं, उत्तर मिळालं नाही.

बाकी बारीकसारीक गोष्टी. चहा मशीनवरच प्यायचा. खंडेनवमीला आमच्याकडे घरची माणसं यायची, पोरंटोरं मशीनला हळदकुंकू लावायची, जेवण असायचं, यंदा पंधरा मिनिटांत पूजा उरकून सायकल स्टार्ट. पगार तोच, मशीन तीच, कॅन्टीन तर उलट सुधारलंय, आता भाकरी मिळते. तरी माणसं गप्प झालीत. पूर्वी शिफ्ट बदलताना एक जण दुसऱ्याला सांगायचा की बाबा दोन नंबरच्या मशीनवर बोअर (आतलं भोक) वाढतोय, ऑफसेट (टूलची सेटिंग) बघ, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) पण संपत आलाय. आता कार्ड पंच करून सरळ गेटकडे.

आता खरी गोष्ट. बोर्ड लागल्यावर दोन महिन्यात रिजेक्शन निम्म्यावर आलं. मीटिंगमधे पेढे वाटले मालकांनी. मी पण खूश होतो, खोटं कशाला बोलू. मग एका थर्ड शिफ्टला चिपची (धातूच्या कीसाची) ट्रॉली रिकामी करताना तळाशी नऊ जॉब सापडले, सगळे बोअर ओव्हरसाइज. ज्याचे होते तो आयटीआय करून आलेला पोरगा, बाविसेक वर्षांचा, म्हणाला साहेब या महिन्यात दोनदा नाव लागलंय, खोलीचं भाडं आहे. मी काय बोलणार. रिपोर्ट केला नाही.

ते नऊ तर निदान ट्रॉलीत होते. जुलैमधे एक लॉट असाच कस्टमरच्या लाइनवर गेला. आमची सहा माणसं तीन दिवस तिकडे शंभर टक्के सेग्रिगेशन, म्हणजे एकेक नग तपासून चांगले-वाईट वेगळे, करत बसली, वर डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचे पैसे आमच्या बिलातून वजा. नंतर कळलं की ऑपरेटरला शिफ्ट संपायच्या आधी शंका आली होती पण आधीचे जॉब परत तपासायला काढले असते तर नाव लागलं असतं, म्हणून तो गप्प. वर्षभरात अकरा जण सोडून गेलेत, त्यातले दोन सेटर, म्हणजे मशीन सेट करून देणारे, आणि सेटर आजकाल मिळत नाहीत हे ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

मालकांना एकदा म्हटलं की शेठ, वातावरण बिघडलंय. ते म्हणाले, वातावरण वगैरे मला कळत नाही, आकडे दाखव. आणि आकडे तर साहेबांच्या बाजूने बोलतायत! तर प्रश्न हा की वातावरण मोजतात कसं? कोणी तुमच्याकडे असा सर्व्हे वगैरे केलाय का, आमची पोरं फॉर्मवर खरं लिहितील असं मला वाटत नाही. आणि साहेबांची चुगली केली असं न होता हे कसं मांडू?

एक कबुली, इथे नाव नाही म्हणून. मी पण एकदा १४ रिजेक्ट नगांचे ८ लिहिलेत.

प्रतिसाद

दादा, तुमचं दुखणं ओळखीचं आहे. मी हॉस्पिटलमधे क्वालिटी बघते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला, औषधं देताना कुठे किती चुका होतात याचा. अंदाज होता की चांगल्या टीममधे चुका कमी निघतील. निघाल्या उलट्या, चांगल्या टीममधे जास्त! कारण तिथल्या नर्सेस चूक झाली की सांगत होत्या, बाकीच्या ठिकाणी दाबल्या जात होत्या. पुढे १९९९ मधे त्यांनी एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतल्या ५१ टीम्सवर पेपर लिहिला, त्यात 'मानसिक सुरक्षितता' हा मुद्दा आहे, म्हणजे इथे बोललो तर माझा पाणउतारा होणार नाही एवढा भरवसा. जिथे तो होता तिथे माणसं शिकत होती आणि काम पण चांगलं होत होतं. तुमच्या बोर्डावर रिजेक्शन उतरलं ते क्वालिटी वाढल्याचं नाही, तोंडं बंद झाल्याचं माप आहे.

सर्व्हे करायचाच तर बाहेरच्या माणसाकडून, नाव न घेता, चार-पाच प्रश्न. आणि एचआरने फॉर्म गोळा करायचे नाहीत, अक्षरावरून ओळखतात.

प्रतिसाद

थोडं वाकडं बोलतो, राग मानू नका. कडक साहेब कोणालाच नको असतो. बोर्डाच्या आधी पण माल लपवला जात असेल, तुम्ही तेव्हा ट्रॉली उपसली होती का? सगळं वातावरणावर ढकलू नका. अकरा जण गेले म्हणता, चाकणमधे शेजारची कंपनी हजार रुपये जास्त देते म्हणून पण जातात.

प्रतिसाद

वरच्या भाऊंचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच मोजा. भोसरीत तीस वर्षं क्वालिटीत काढली, आता रिटायर्ड, वेळच वेळ आहे.

सर्व्हे बिर्व्हे नंतर. तुमच्याकडे फोर्जिंग नगावर येतात ना? मग एक पार्ट धरा आणि मटेरियलचा ताळा करा. स्टोअरमधून किती नग इश्यू झाले, त्यातून डिस्पॅच झालेले वजा, शॉपमधे पडलेले वजा, बोर्डावर लिहिलेलं रिजेक्शन वजा. जे उरतं ते हवेत गेलं का? हाच हिशोब बोर्डाच्या आधीच्या दोन महिन्यांचा काढा आणि नंतरच्या दोन महिन्यांचा काढा. आधी पण फरक तेवढाच असेल तर साहेब बरोबर आणि तुम्ही चूक, गप्प बसा. फरक वाढला असेल तर मालकाला वातावरण हा शब्दच उच्चारू नका, स्टोअरचं रजिस्टर समोर ठेवा. फोर्जिंगचे पैसे त्यांच्या खिशातून जातात. सोबत कस्टमर कम्प्लेंट आणि सोडून गेलेल्यांच्या तारखा ठेवा.

साहेबांवर बोट ठेवायचंच नाही. डेमिंग या क्वालिटीच्या गुरूचं नाव त्यांनी ऐकलंच असेल, त्याच्या १४ कलमांतलं आठवं कलम आहे, कामाच्या जागेवरून भीती घालवा. भिंतीवर चौदाच्या चौदा लावणारे आणि खाली नावांचा बोर्ड लावणारे, दोन्ही एकाच ऑफिसात पाहिलेत मी. टोयोटात ऑपरेटरला शंका आली की तो दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, गरज पडली तर लाइन थांबते. तुमच्याकडे दोरी नको, एवढंच मागा की बोर्डावर माणसाच्या जागी मशीन नंबर आणि कारण लिहायचं. ज्याने स्वतःहून माल बाजूला काढला त्याचा बोनस कापायचा नाही. महिनाभर ट्रायल म्हणून.

आणि ट्रायल सुरू झाली की पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर उड्या मारू नका. शिकागोजवळ हॉथॉर्नच्या कारखान्यात १९२४ पासून असेच प्रयोग झाले होते, उजेड वाढवला तर काम वाढलं, कमी केला तरी म्हणे वाढलं, कारण आपल्याकडे कोणी बघतंय हे माणसांना कळलेलं. त्या आकड्यांची पुढे बरीच उलटतपासणी झाली, पण धडा कामाचा आहे. तुमचं रिजेक्शन तर आधी वाढेलच, लपलेलं वर येईल. हे मालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर बोर्ड परत लागेल.

आणि ते १४ चे ८, त्याचं काय करणार?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, काका तुमचे विशेष. गुरुवारची सुट्टी घालवून स्टोअरवाल्याला सोबत घेऊन एका पार्टचा ताळा केला. बोर्डाच्या आधीच्या दोन महिन्यात ३७ नग जुळत नव्हते, म्हणजे वाकडं बोलणारे भाऊ पण अर्धे बरोबर निघाले, लपवणं तेव्हाही होतं, मला दिसत नव्हतं. नंतरच्या दोन महिन्यात २१२. मी तीनदा मोजलं.

शनिवारी मालकांसोबत बसतोय, साहेबांना पण बोलवा असं मीच सांगितलंय, पाठीमागे नको. आधी साहेबांना एकट्याला कागद दाखवला, काही बोलले नाहीत, झेरॉक्स मागून घेतली. चांगलं का वाईट कळेना.

काका, २१२ मधे माझे सहा पण आहेत. कागदावर वेगळे लिहिलेत, पुढे माझं नाव. लाल पेन नव्हता, निळ्यानेच.